युद्धकालीन समूहगायनाच्या तबकड्या : अस्सल व नक्कल

देवणी हें नांव महाराष्ट्रास परिचित आहे तें तेथील गाईबैलांच्या जातीमुळें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं निजामाच्या राज्यांत, बीदर जिल्ह्यांत मोडणारा व आज लातूर जिल्ह्यांत असलेला हा मुलूख संशोधक धुंडाळतो तो दफ्तरांसाठीं व पोथ्यांसाठीं. अशा ठिकाणच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर रुमालांशेजारीं ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी निघाली, तर ती बहुधा बाजूस सारली जाते. ही उपेक्षा योग्य नव्हे. तबकडी हेंहि एक साधनच आहे, आणि कागदाप्रमाणें तिलाहि अस्सल व नक्कल हा भेद लागू आहे. तो न पाळल्यानें काय घोटाळा होतो, हें युद्धकाळांतील अमेरिकन समूहगायकांच्या उदाहरणानें स्पष्ट दिसतें.

अँड्र्यूज भगिनी या तिघी सख्ख्या बहिणी, आणि मिल्स बंधु हें ओहायो प्रांतांतील भावांचें कुटुंब. स्विंग नांवाच्या नृत्यसंगीताच्या लाटेंत या मंडळींचें गायन सैनिकांपर्यंत पोहोंचलें, आणि आजहि संग्राहक त्यांच्या तबकड्या हुडकीत असतात. याचें कारण केवळ युद्धाची आठवण एवढेंच असेल असें आम्हांस वाटत नाहीं. एकाच घरांत वाढलेल्यांचे उच्चार व श्वास घेण्याची लकब एक असते. तीन चार कंठ निरनिराळ्या स्वरांवर असूनहि ते एका मुखांतून निघाल्यासारखे वाटतात. आपल्याकडे शाहिराचे झीलकरी पालुपद उचलून धरतात, परंतु तें एकाच स्वरांत. येथें प्रत्येकाचा स्वर वेगळा. शिवाय त्या काळच्या तबकडीवर अतिखालचे व अतिउंच ध्वनि नीट उमटत नसत, मधले उमटत. आणि मनुष्याचा कंठ प्रायः मधलाच. मिल्स बंधु तर वाद्यांचे आवाज तोंडानेंच काढीत. एका गितारीखेरीज दुसरें वाद्य वापरलेलें नाहीं, असा खुलासा त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर छापावा लागला होता!

आतां मुख्य प्रश्न. या गाण्यांच्या ज्या व्हिनाइलच्या तबकड्या लोक जपून ठेवतात, त्या युद्धकाळच्या आहेत काय? बहुतेक नाहींत. युद्धकाळची नेहमींची तबकडी लाखेची : लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाची. ही लाख मुख्यतः आपल्या देशांतून जाई; छोटा नागपुरांतील पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवरील किड्यांनीं केलेली. समुद्रमार्ग धोक्यांत आल्यावर एप्रिल 1942 मध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लागणाऱ्या लाखेंत सुमारें 70 टक्के कपात केली. त्याच वर्षीं 1 ऑगस्टपासून तेथील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. गायक त्या संघांत नव्हते. म्हणून कंपन्यांनीं वाद्यांच्या जागीं गाणाऱ्यांचे ताफेच साथीस उभे केले. डेक्का कंपनीनें 1943 मध्यें तडजोड केली. दुसऱ्या दोन मोठ्या कंपन्यांस नोव्हेंबर 1944 उजाडला. समूहगायनाचा त्या वर्षांत जो बोलबाला झाला त्यास ही अडचणहि काहीं अंशीं कारण होती.

व्हिनाइल युद्धांत शिरलें तें सैन्यामार्फत. ऑक्टोबर 1943 पासून सैनिकांसाठीं ‘व्ही-डिस्क’ नांवाच्या बारा इंची तबकड्या निघूं लागल्या. लाख दुर्मिळ, आणि लाखेची तबकडी प्रवासांत फुटे. म्हणून हें नवें द्रव्य. त्या विकावयाच्या नाहींत या अटीवर वादकांच्या संघानें त्यांस मोकळीक दिली. 1949 मध्यें हें काम संपलें, आणि मूळ ठसे नष्ट करण्यांत आले. तेव्हां युद्धकाळचें अस्सल व्हिनाइल म्हणावयाचें तें हेंच. लांब चालणारी बाजारी तबकडी जून 1948 ची, म्हणजे युद्धानंतरची. तिच्यावर जुनें गाणें असलें तर ती नक्कल होय.

नकलेंतहि प्रकार आहेत. कांहीं मूळ तबकडीवरून सरळ उतरलेल्या. कांहींत खरखर काढतांना आवाजाची धार गेली, किंवा मागाहून प्रतिध्वनि मिसळला. तिसरा प्रकार सर्वांत फसवा : अँड्र्यूज भगिनींनीं 1957 मध्यें कॅपिटल कंपनीसाठीं आपलीं जुनीं गाणीं पुन्हा म्हटलीं. नांव तेंच, शब्द तेच, कंठहि तेच. पण काळ वेगळा. बखरकारानें उतारवयांत आपलीच बखर पुन्हा लिहून काढावी, तसा हा प्रकार. अशी तबकडी ऐकून युद्धकाळच्या गायनाविषयीं अनुमानें बांधणें धोक्याचें. चिठ्ठीच्या कडेस गुळगुळीत भागावर ठशाचा जो क्रमांक उमटलेला असतो, तो कागदावरील पाणचिन्हाप्रमाणें पाहावा. चिठ्ठीवरच विसंबूं नये.

देवणीसारख्या ठिकाणीं ही चूक होण्याचा संभव उलट कमी. चावीच्या यंत्राची जड पोलादी सुई व्हिनाइलच्या बारीक रेषा खरडून टाकते. त्यास हलकी सुई व वीज हवी. चावीच्या यंत्राबरोबर जो जुना संग्रह निघेल तो बहुधा लाखेचाच असणार. कलकत्त्याजवळ दमदम येथें 1928 मध्यें निघालेल्या कारखान्यांतून लाखेच्या तबकड्या 1960 नंतरहि बाहेर पडत होत्या, हें मात्र विसरूं नये. लाख दिसली म्हणून ती युद्धपूर्व ठरत नाहीं.

या संगीताचा आपल्याकडील वारसा मुंबईंत शोधावा लागतो. ताजमहाल हॉटेलांत वाजविणारा टेडी वेदरफोर्ड हा कलकत्त्यास 1945 मध्यें वारला. पण गोमंतकीय वादकांनीं ती चाल उचलली होती. पुणतांब्यास 1918 मध्यें जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर यांनीं ती ‘शहनाई’ (1947) व ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांत आणली. ‘पतंगा’ (1949) मधील रंगूनच्या दूरध्वनीचें गीत तर युद्धाचीच सावली. रंगून मार्च 1942 मध्यें पडलें होतें. निरनिराळ्या स्वरांचा मेळ मात्र आपल्या गाण्यांत फारसा रुजला नाहीं. ताल व वाद्यें आलीं, समूह एकस्वरीच राहिला.

येथें चिठ्ठी दुसऱ्याच रीतीनें फसविते. त्या गीताच्या गायकांत शमशाद बेगम यांच्यासह ‘चितळकर’ हें नांव आहे, आणि संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’. माणूस एकच! कांहीं हिंदी चित्रपटांसाठीं तेच ‘राम चितळकर’ होत. समूहांत गाणाऱ्यांस तर नांवच नाहीं, ‘कोरस’ एवढाच उल्लेख. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनीं 1891 मध्यें छापलेल्या पोवाड्यांचे कर्ते ठाऊक होतात, झीलकरी होत नाहींत. तीच ही गत. वादकांस या चिठ्ठीवर जागाच नसे. हळदोणें येथें 1916 मध्यें जन्मलेला अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ‘अलबेला’ चित्रपटांत आपल्या वाद्यवृंदासह प्रत्यक्ष दिसतो. तो 1967 मध्यें वारला. तबकडी हातीं घेणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.