घराजवळच्या झाडांची छाटणी : जुनी रीत आणि नवं ज्ञान



पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुरुळीसारख्या गावात घर आणि झाड यांचा शेजार फार जुना. दारात लिंब, परसात शेवगा, गोठ्यापाशी चिंच, विहिरीवर आंबा. आता चाकणच्या कारखानदारीमुळं त्याच झाडाखाली भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या आल्या, वरून विजेच्या तारा गेल्या. वळवाचा पाऊस तोंडावर आला की फांदीची भीती वाटते. मग कुऱ्हाड घेऊन झाड पार बोडकं केलं जातं. यात धोका कमी होत नाही, उलट वाढतो. कसा, ते समजायला थोडा मागचा इतिहास पाहू.

आज्ञापत्रातलं झाड

रामचंद्रपंत अमात्यांनी सन १७१५-१६ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं. शिवकाळापासूनची राज्यकारभाराची रीत त्यात नोंदली आहे. आरमाराला लाकूड लागायचं. तरीही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असं त्यात बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयत ती लेकरासारखी वाढवते. एखादं झाड जीर्ण होऊन निकामी झालं असेल, तरच धन्याला राजी करून, मोल देऊन ते तोडावं. राजाच्या गरजेपुढंही झाडाचं वय आणि धन्याचं कष्ट मोजलं जात होतं, हे ध्यानात घ्यावं.

राबाची छाटणी

आपल्या खेड तालुक्याच्या पश्चिमेला, तसंच मावळात आणि कोकणात भातशेतीसाठी राब भाजतात. झाडांचा टहाळ तोडायचा, वाळवायचा, रोपाच्या जागेवर शेण-गवतासह पसरायचा आणि पावसाआधी जाळायचा. झाड मारायचं नाही, कारण पुढंही त्याच झाडाचा टहाळ लागणार. म्हणजे तोडणं आणि छाटणं यातला फरक आपल्या वाडवडिलांना पक्का ठाऊक होता.

१८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी जंगलातल्या टहाळावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांनी मोठी ओरड केली. १८८५ मध्ये मुंबई सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखातं म्हणे, वारंवारच्या छाटणीनं झाडं खुरटतात. शेतकरी म्हणे, राबाशिवाय रोप नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण फांदी नेमकी कुठं कापली म्हणजे झाडाला कमी इजा होते, याचं उत्तर तेव्हा कोणाकडंच नव्हतं.

उत्तर कुठं सापडलं

ते मिळायला आणखी नव्वद वर्षं गेली. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी यांत्रिक करवतीनं हजारो झाडं उभी चिरून आतली कूज तपासली. १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह आपलं म्हणणं मांडलं. माणसाची जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं.

ही भिंत चांगली कुठं पडते? फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. हात फिरवला की कळतं. कडं शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेरून काप घेतला, तर जखम लवकर झाकली जाते. तोवर युरोप-अमेरिकेतली पुस्तकं खोडाला घासून कापायला सांगत. त्यात कडंच निघून जाई आणि कूज खोडात शिरे. आपल्याकडं कुऱ्हाडीनं खुंट राहतो. तो वाळतो, कुजतो, आणि तीच कूज पुढं आत उतरते.

बोडक्या झाडाचंही तसंच. सगळा शेंडा मारला की पाला जातो, झाडाचं अन्न तुटतं. मग कापाभोवती भाराभर फूट येते. ती वरवर चिकटलेली असते आणि खालचं लाकूड कुजत जातं. चार-पाच वर्षांत तीच फूट जाड होते आणि वाऱ्यात पत्र्यावर येते. म्हणून बोडणं म्हणजे धोका पुढं ढकलणं.

मोरचुदाचं काय?

फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिववायला मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली केवडा रोगातून वाचलेल्या मिलार्दे या शास्त्रज्ञाला १८८२ मध्ये दिसल्या. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो. फळझाडाच्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची शिफारस आपल्याकडं आहे, ती जरूर लावावी. मात्र चुकीच्या जागी घेतलेला काप पेस्टनं बरोबर होत नाही.

लक्षात ठेवा

१. वाळलेली, मोडकी फांदी केव्हाही काढा. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा. शेवग्याची शेंगांचा हंगाम संपल्यावर करा, त्याचं लाकूड ठिसूळ असतं.

२. जड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूट-दीड फुटावर खालून पाव भाग करवत घाला. मग थोडं पुढं वरून कापा. फांदी पडल्यावर उरलेला खुंट कड्यालगत काढा. त्यामुळं साल सोलत नाही.

३. एका हंगामात हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नको.

४. बोर्डो पेस्ट : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग मिसळा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या. त्याच दिवशी वापरा.

५. तारेजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नका. ओल्या फांदीतून वीज उतरते. महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्या.

६. आंबा, चिंच, जांभूळ, फणस अशी ठरावीक झाडं परवानगीशिवाय तोडायला १९६४ च्या कायद्यानं मनाई आहे. शहरी हद्दीत १९७५ चा कायदा लागतो. त्यात झाडाला इजा करणंसुद्धा तोडण्यातच धरलं आहे. आपल्याला कोणता लागू, ते आधी ग्रामपंचायतीत विचारा.

वडिलांनी लावलेलं झाड खोल्यांच्या भाड्याइतकंच घराचं धन आहे. पाऊस लागायच्या आत एकदा झाडाखाली उभं राहून वर पाहा. कुठली फांदी काढायची ते ठरवा, कडं शोधा, आणि मगच करवत हातात घ्या.