जन्मांतराची कैफियत

अमरावतीनजीकच्या भातकुलीस परंपरा प्राचीन भोजकट मानते. श्रीकृष्णाचा वध केल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी पराभूत व विरूप झाला, आणि रुक्मिणीच्या रदबदलीने प्राण वाचले तरी मागे न फिरता भोजकट वसवून तेथेच राहिला, असे भागवत सांगते. पूर्वायुष्य संपून दुसरे सुरू होण्याची ही कथा खरी. परंतु ती रुक्मीने स्वमुखे सांगितलेली नाही. स्वतःच्या मरणाची आणि नव्या जन्माची कैफियत स्वतःच देण्याचा प्रघात या मुलखात पुढे पडला, आणि तो संतांनी पाडला.

मोर्शी तालुक्यातील, महानुभाव पंथाचे ऋद्धिपूर हे त्याचे आद्य पीठ. गुजरातेत प्रधानपुत्र हरिपाळदेव निवर्तला, त्याचा देह स्मशानी नेला असता चांगदेव राऊळांनी स्वदेह त्यागून त्यात प्रवेश केला आणि तोच देह पुढे श्रीचक्रधर म्हणून विख्यात झाला, ही महानुभावांची श्रद्धा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी अनुयायांच्या स्मरणांतून लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा चक्रधरांच्या तोंडचा हा वृत्तान्त गद्यात स्थिरावला.

पद्यात मात्र या प्रकाराची परिपूर्ती वऱ्हाडाच्या शिवेपलीकडे, वेरूळनजीकच्या देवगावी 1628 साली एका कुळकर्ण्याच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाईने केली. बालपणीच प्रौढ बिजवराशी झालेला विवाह, कर्जापायी सुटलेले गाव, कोल्हापुरी लळा लागलेल्या वासराचा मृत्यू, त्या शोकात स्वप्नी लाभलेला तुकोबांचा अनुग्रह, आणि ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा याने क्षुब्ध झालेल्या पतीचा मार, हे सारे तिने अभंगांत काही न झाकता मांडले. तेवढ्यावर न थांबता, 1700 साली शिऊर येथे मरण समीप आले असता, तिने आपले मागील बारा जन्म पुत्र विठोबास क्रमाने निवेदन केले. या निवेदनात विलाप थोडा आणि हिशेब फार. कारण पुढचा जन्म नको असेल तर मागील देणे उघड करून फेडले पाहिजे, अशी तिची धारणा होती.

माधानच्या गुलाबराव महाराजांनी (1881–1915) तर मरणाची वाटच पाहिली नाही. तान्हेपणी दृष्टी गेलेला हा कुणब्याचा मुलगा चालू देहातच ज्ञानेश्वरकन्या झाला, कृष्णपत्नीच्या भावाने मंगळसूत्र ल्याला, आणि हे नवे नाते त्याने आपल्या विपुल रचनेत निःसंकोचपणे सांगितले.

अशा आत्मनिवेदनाला अमेरिकेत 1959 साली रॉबर्ट लोवेलच्या काव्यसंग्रहावर लिहिताना समीक्षक रोझेन्थल यांनी कबुलीची कविता ही संज्ञा दिली, आणि पुढे कवयित्री सिल्व्हिया प्लाथने बायबलातील लाझरसाचे पुनरुत्थान आपल्याच मरणेच्छेच्या वर्णनास योजिले. परंतु तिच्या कवितेत मेलेली बाई उठते ती तमासगीरांच्या गर्दीपुढे, एकटी आणि संतप्त. बहिणाबाई बोलते ती पुत्राशी, आणि गुलाबराव महाराज नव्या जन्मास येतात ते कोणाची तरी कन्या होऊन. आपल्या परंपरेत कबुली ऐकणारा परका नसतो, त्या कबुलीने तो नात्याने बांधला जातो. आणि म्हणूनच इतके खाजगी दुःख सांगूनही हे अभंग पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांत म्हणता आले.