सायलेंट अक्षर

सायलेंट अक्षर : इंग्रजी स्पेलिंगमध्ये असलेले, पण उच्चारात न येणारे अक्षर. मराठीत याला अनुच्चारित अक्षर म्हणता येईल. वर्गात मात्र ‘बी सायलेंट’, ‘के सायलेंट’ असेच ऐकू येते. बुधवारचे स्पेलिंग घोकणारी मुले ‘वेड-नेस-डे’ अशी फोड करतात, म्हणजे मुद्दाम चुकीचे बोलून बरोबर लिहितात. (त्या नावात वोडेन हा जुना जर्मानिक देव आहे. त्याचा ‘डी’ आता कागदापुरता उरला.)

यांतली काही अक्षरे एके काळी खरोखर बोलली जात. ‘नाइट’ (सरदार) या शब्दातला पहिला ‘के’ आणि मधला ‘जीएच’ मध्ययुगीन इंग्रज उच्चारत असत. ‘जीएच’चा ध्वनी घशात घासून निघणाऱ्या ‘ख’सारखा होता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिरावत गेले, बोलणे मात्र बदलतच राहिले. ‘घोस्ट’मधला ‘एच’ त्याच्याच छापखान्यातून, फ्लेमिश वळणाने आला असे मानतात.

दुसरी जात उपरी, आणि खरा वैताग तिचाच. ‘डेट’ (कर्ज) हा शब्द फ्रेंचमधून आला तो ‘बी’शिवाय. पुढे लॅटिनप्रेमी पंडितांनी ‘डेबिटुम’चे कूळ दिसावे म्हणून तो घातला, ‘डाउट’चेही तेच झाले. ‘रिसीट’ला ‘पी’ मिळाला, तशाच घडणीच्या ‘डिसीट’ला नाही. ‘आयलंड’ तर अस्सल जुना इंग्रजी शब्द. लॅटिन वंशाच्या ‘आइल’शी नाते नसताना त्याचा ‘एस’ याच्या गळ्यात पडला. ‘टार्मिगन’ या पक्ष्याचे नाव गेलिक, पण ग्रीक समजून त्याच्या आधी ‘पी’ लावला गेला. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मधला होलोफर्नीस हा पंतोजी ‘डेट’, ‘डाउट’मधला ‘बी’ लोक गिळतात म्हणून संतापतो. नाटककार त्याची टर उडवतो आहे, हे सांगायला नको.

सुधारणेचे प्रयत्न झाले. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम काढला. काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. मराठीने या बाबतीत बाजी मारली. ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी काढून टाकले. त्यावरही कुरकुर झालीच.

इंग्रजीतून उसने घेतलेल्या शब्दांत आपण उलट वागलो. ‘प्लंबर’ला इंग्रज ‘प्लमर’ म्हणतो. त्यातला ‘बी’ही लॅटिन ‘प्लुंबुम’, म्हणजे शिसे, दाखवण्यासाठी मागाहून खोचलेला. मराठी माणसाने शब्द स्पेलिंगबरहुकूम घेतला आणि ‘बी’ ठणठणीत वाजवला. होलोफर्नीस ज्यासाठी डोके आपटत होता, ते पुण्या-मुंबईत नळ गळू लागला की रोज घडते.