कर्णधार कोण? १९२० ची चौरंगी स्पर्धा, बाळू पालवणकर आणि निवड समितीवरचा रोष

१/ संघ हरला की क्रिकेटरसिक चिडतात. यात नवल नाही. परंतु १९२० साली मुंबईत एक असा वाद पेटला, ज्याच्या मुळाशी पराभव नव्हताच. प्रश्न एवढाच होता : संघातील सर्वांत अनुभवी खेळाडूला कर्णधारपद का मिळत नाही? उत्तर सर्वांना ठाऊक होते. ते उघडपणे उच्चारण्याचे धैर्य मात्र दोन खेळाडूंनी दाखवले.

२/ प्रथम पार्श्वभूमी. त्या काळी मुंबईतील सर्वांत मोठी क्रिकेट स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ खेळत. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. रणजी करंडक अजून जन्मालाही आला नव्हता. सामान्य रसिकांसाठी हीच स्पर्धा सर्वस्व होती.

३/ हिंदू संघाची सूत्रे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडे होती. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची निवड समिती संघ ठरवी आणि कर्णधारही. प्रेक्षक तिकीट काढून मैदानाभोवती गर्दी करीत, धावफलकाकडे डोळे लावून बसत. पण संघनिवडीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. क्रिकेटमधील ही दरी आजचीच नाही.

४/ या संघाचा आधारस्तंभ होते बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. घराणे मूळचे कोकणातील पालवणीचे, जातीने चर्मकार. वडील लष्करात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले. तेथे बाळूंना पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये.

५/ १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. पगारात एका रुपयाची वाढ झाली. तेथे जाळीत सरावासाठी गोलंदाजी करावी लागे. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. प्रत्येक वेळी बाद केल्यावर तो बाळूंना आठ आणे देत असे, अशी आठवण सांगितली जाते. बॅट मात्र बाळूंच्या हाती सहसा कोणी देत नसे.

६/ ही बाब नीट लक्षात घ्यावी. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी हा मानाचा भाग आणि नेतृत्व हे बुद्धीचे काम, अशी एक न लिहिलेली उतरंड मैदानावरही होती. बाळूंच्या वाट्याला पहिली पायरी आली. पुढे वाद पेटला तो तिसऱ्या पायरीवरून.

७/ पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळूंसारखा डावखुरा मंदगती गोलंदाज हवाच होता. बऱ्याच कुजबुजीनंतर त्यांना संघात घेतले गेले. मैदानात सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे.

८/ सामने जिंकले जाऊ लागले, तसा मानही वाढला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळूंसोबत धाकटे बंधू शिवरामही होते. सुधारकी वृत्तपत्रांनी या विजयाकडे जातिबंधने सैल झाल्याची खूण म्हणून पाहिले.

९/ १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमार होती, बाळूंची मात्र असामान्य. दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. भारतातील पहिला थोर गोलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या मैदानांवर लिहिले गेले.

१०/ आता निवड समितीचे वागणे पाहावे. बाळू परतले, खेळत राहिले, बळी घेत राहिले. कर्णधारपद मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावे जाहीर होत राहिले. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे आले. पै हे सारस्वत, उत्तम खेळाडू आणि दिलदार गृहस्थ. सत्कार समारंभात त्यांनी स्वतःच सांगितले की, हा मान ज्येष्ठतेने आणि अनुभवाने बाळूंचा होता. कर्णधाराला जे दिसत होते, ते समितीला दिसत नव्हते असे कसे म्हणावे?

११/ अडचण कुठे होती? कर्णधार म्हणजे नुसता नाणेफेक करणारा नव्हे. तो इतरांना जागा नेमून देतो, आज्ञा करतो, प्रतिपक्षाच्या कर्णधाराशी हस्तांदोलन करतो, मेजवानीत संघाच्या वतीने बोलतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने ब्राह्मण खेळाडूला ‘तू तिकडे उभा राहा’ असे सांगायचे, हे समितीला पचणारे नव्हते. त्याचे बळी हवे होते, त्याचा हुकूम नको होता.

१२/ १९२० उजाडले. जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावाबरोबर अस्पृश्यता निवारणाचे आवाहनही झाले. महाराष्ट्राच्या हवेत प्रश्न तरंगत होता. हिंदू जिमखान्याच्या खिडक्या मात्र बंद होत्या.

१३/ त्या मोसमात हिंदूंचा पहिला सामना मुस्लिम संघाशी होता. कर्णधार पै आजारी पडले. समितीने कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि फलंदाज म्हणून त्यांची योग्यता वादातीत होती. दोष त्यांचा नव्हता. बाळूंचे वय तेव्हा ४४ होते हेही खरे. पण वयाची सबब फार तर वगळण्याला लागू पडते. आधीच्या दहा वर्षांचे काय? आणि बाळू नकोत तर अनुभवी बंधू विठ्ठल का नकोत, याचे उत्तर वयात सापडत नाही.

१४/ येथे इतिहासाला वळण मिळाले. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका लेखी निवेदनाद्वारे जाहीर केली. आशय स्पष्ट होता : निकष खेळाचा नसून जातीचा आहे आणि असा अपमान सोसून खेळणे स्वाभिमानाला मान्य नाही. चौरंगीसारख्या स्पर्धेत, घरचे नाव लागलेल्या संघाविरुद्ध, दलित खेळाडूंनी असे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

१५/ या निवेदनाने रसिकांच्या अस्वस्थतेला पत्ता मिळाला. ‘बाळू का नाही?’ हा मैदानावरचा प्रश्न आता वृत्तपत्रांतून आणि चर्चेतून थेट समितीच्या दारावर येऊन थडकला. ज्या काळी स्वराज्याची भाषा सर्वतोमुखी होती, त्या काळी समितीला आपल्या संघातील असमतेचे समर्थन करणे जड गेले.

१६/ मुस्लिम संघाविरुद्धचा सामना हिंदूंनी जिंकला. अंतिम सामना पारशांशी. आणि आता समिती नमली, निदान अर्धी नमली. पै बरे होऊन कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले, दोघे भाऊही संघात आले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा काळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांनी केले. हंगामी का होईना, ते दृश्य हजारोंनी पाहिले.

१७/ हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला नामदेवांची एक कथा सांगतात. देवळासमोर कीर्तनाला मनाई झाली, नामदेव मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. तेथील नंदी मागे का, याचे कारण भाविक या कथेने सांगतात. जिमखान्याच्या बाबतीत असा चमत्कार घडला नाही. तो फिरवण्यासाठी दोन भावांना आपले संघातले स्थान पणाला लावावे लागले.

१८/ पूर्ण न्याय तीन वर्षांनी झाला, तोही पुढच्या भावाच्या वाट्याला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. जल्लोष करणाऱ्यांत सवर्ण रसिक मोठ्या संख्येने होते. १९२५ आणि १९२६ मध्येही हिंदूंनीच अजिंक्यपद मिळवले. ‘प्रेक्षक स्वीकारणार नाहीत’ ही सबब कोणी मनात बाळगली असेल, तर तिचा निकाल मैदानावर लागला.

१९/ याची तुलना पुढील काळाशी करून पाहावी. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर भारताचे कर्णधार झाले. वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ असा पराभव झाला, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला. संतापलेल्या लोकांनी वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड फेकले. इंदूरमध्ये १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेली भव्य बॅट विद्रूप करण्यात आली.

२०/ मधल्या काळातले एक उदाहरण वेगळे आहे. १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कानपूर कसोटीतून सलीम दुराणींना वगळले, तेव्हा रसिकांनी ‘नो दुराणी, नो टेस्ट’ असे फलक झळकवले. पुढच्या मुंबई कसोटीत ते परतले आणि ७३ व ३७ धावा काढल्या. येथे रोष खेळाडूवर नव्हता, निर्णयावर होता. म्हणूनच त्यातून काही निष्पन्न झाले.

२१/ ही तीन वर्षे शेजारी ठेवली की रसिकांच्या रागाचा स्वभाव कळतो. राग बहुधा डोळ्यांसमोरच्या माणसावर निघतो, कारण निर्णय घेणारे दिसत नाहीत. १९७४ मध्ये दगड कर्णधाराच्या घरावर पडले, त्यातून काहीही सुधारले नाही. १९२० मध्ये राग समितीपर्यंत पोहोचला, कारण खेळाडूंनीच त्याला कारण आणि दिशा दिली.

२२/ बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. पूर्णवेळ कर्णधारपद एकदाही नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. भारत पहिली अधिकृत कसोटी खेळला तो १९३२ मध्ये; तोवर त्यांचा काळ सरला होता.

२३/ विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आहे. जुन्या ग्रंथालयात ते आढळले तर अवश्य वाचावे. आणि पुढच्या वेळी संघ जाहीर झाल्यावर कोणाच्या समावेशावर, कोणाच्या वगळण्यावर वाद रंगला, तर एखाद्या खेळाडूला शिव्या देण्याआधी इतके विचारावे : हा निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या निकषावर?