टेनिसविषयीचे गैरसमज

टेनिसविषयीचे गैरसमज म्हणजे या खेळाचे नियम, साधने, दुखापती व इतिहास यांविषयी सर्वसामान्यपणे आढळणाऱ्या चुकीच्या समजुती होत. महाराष्ट्रात क्रिकेट, बॅडमिंटन, टेबल टेनिस व व्हॉलीबॉल हे खेळ अधिक परिचयाचे असल्याने त्यांचे नियम टेनिसलाही लागू आहेत, असे गृहीत धरले जाते. अनेक गैरसमजांचे मूळ यात आहे.

रेषा व चेंडू

क्रिकेटमध्ये फलंदाजाची बॅट क्रीजच्या रेषेवरच असेल तर ती रेषेच्या आत धरली जात नाही. टेनिसमध्ये मात्र रेषा हा मैदानाचाच भाग असून तिला किंचित स्पर्श करणारा चेंडूही आत मानला जातो. पंच नसलेल्या सामन्यात प्रत्येक खेळाडू जाळ्याच्या आपल्या बाजूचे निर्णय स्वतः देतो. चेंडू व रेषा यांच्यामध्ये स्पष्ट अंतर दिसले तरच तो बाहेर ठरवावा आणि शंका असल्यास चेंडू आत मानावा, असा संकेत आहे. त्यामुळे हा गैरसमज प्रतिस्पर्ध्यावर अन्याय करणारा ठरतो.

बाहेर जाणारा चेंडू टप्पा पडण्यापूर्वी झेलला तरी गुण आपल्यालाच मिळतो, ही समजूतही चुकीची आहे. खेळाडू मैदानाबाहेर उभा असला तरी असा चेंडू झेलल्यास तो गुण गमावतो.

सर्व्हिस

बॅडमिंटन व व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस जाळ्याला लागून योग्य जागी गेल्यास खेळ सुरू राहतो. टेनिसच्या नियमांनुसार अशी सर्व्हिस ‘लेट’ ठरते व ती पुन्हा केली जाते. किती वेळा ‘लेट’ घ्यावी यावर मर्यादा नाही. रॅलीदरम्यान जाळ्याला लागून पलीकडे पडलेला चेंडू मात्र ग्राह्य असतो. खांद्याखालून केलेली सर्व्हिस अनेकांना नियमबाह्य वाटते. प्रत्यक्षात चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी रॅकेटने मारणे आवश्यक असते, हात किती उंच असावा याचे बंधन नाही.

फटके व जाळे

टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांना आळीपाळीने फटके मारावे लागतात. टेनिसच्या दुहेरीत सर्व्हिस परतवल्यानंतर असे बंधन नसते. जाळ्याच्या खांबाबाहेरून, जाळ्याच्या उंचीपेक्षा खालून परतवलेला चेंडू योग्य मैदानात पडल्यास तो वैध ठरतो. एकाच सलग फटक्यात चेंडू नकळत दोनदा रॅकेटला लागल्यास गुण जात नाही. जाळ्याची उंची सर्वत्र समान नसते. ती खांबांपाशी १.०७ मीटर, तर मध्यभागी ०.९१४ मीटर असते.

गुणपद्धती

अधिक गुण मिळवणारा खेळाडूच सामना जिंकतो, असे नाही. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडरर याने २१८, तर नोव्हाक जोकोविच याने २०४ गुण मिळवले. तरीही सामना जोकोविचने जिंकला. निर्णायक सेट नेहमी पूर्ण खेळला जातो, हेही खरे नाही. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत (२०२३) रोहन बोपण्णा व महाराष्ट्राची ऋतुजा भोसले यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक २–६, ६–३, १०–४ असे जिंकले. यातील १०–४ हा निर्णायक सेटऐवजी खेळल्या गेलेल्या टायब्रेकचा गुणफलक होता.

साधने

रॅकेटच्या तारा जितक्या घट्ट तितका फटका जोरदार, असे नवशिक्यांना वाटते. वास्तविक सैल तारांमुळे चेंडू अधिक वेगाने परततो आणि घट्ट तारांमुळे नियंत्रण वाढते. घट्ट तारांमुळे हातावरील ताणही वाढू शकतो.

टेनिस एल्बो

‘टेनिस एल्बो’ हा विकार केवळ टेनिसपटूंना होतो, हा गैरसमज उपचार लांबणीवर टाकण्यास कारणीभूत ठरू शकतो. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या कोपराजवळील कंडरेवर वारंवार ताण आल्याने तो उद्भवतो. त्याच्या बहुसंख्य रुग्णांनी टेनिस खेळलेले नसते. सुतार, रंगारी, प्लंबर व स्वयंपाकी यांच्यातही तो आढळतो. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्यावर याच विकारासाठी २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. तथापि बहुतेक रुग्ण विश्रांती व व्यायामोपचार यांनी, शस्त्रक्रियेविना बरे होतात.

इतिहास

भारतीय महिलांच्या टेनिसची सुरुवात सानिया मिर्झा यांच्यापासून झाली, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्येच विम्बल्डनमध्ये महिला एकेरीचा सामना जिंकला होता. त्या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या होत. क्षमा राव स्वतःही टेनिस खेळत. भारतात आंतरराष्ट्रीय दर्जाचे टेनिस केवळ मोठ्या महानगरांत पाहावयास मिळते, ही समजूतही अपुरी आहे. एटीपी मालिकेतील महाराष्ट्र ओपन स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चा अपवाद वगळता, पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात भरली.