भूवेष्टित मुलूख आणि फळांचा रस



बंदर नसलेल्या देशांतला पॅकबंद फळरसाचा व्यापार, हा विषय बीडमध्ये कशाला, असं कुणीही विचारील. उत्तर सोपं आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण अशाच एका मुलखात राहत होतो. निजामाचं राज्य सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं, पण समुद्र कुठेच नाही.

पूर्वी तो होता, बरं का. मच्छलीपट्टण १७५९ साली इंग्रजांकडे गेलं आणि १७६६च्या तहानं उत्तर सरकारचा किनाराही गेला. म्हणजे समुद्र भूगोलानं हिरावला नाही, तहानं हिरावला. भूवेष्टित असणं हे नकाशावर दिसतं, पण ते घडतं दोन सत्तांच्या संबंधात.

परिणाम काय झाला? माल परदेशी पाठवायचा तर मुंबई किंवा मद्रास, दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात. सरहद्दीवर करोडगिरीचं नाकं. नाणंही वेगळं, ७ हाली रुपये मोजा तेव्हा ६ कलदार हाती पडणार. नोव्हेंबर १९४७मध्ये जैसे थे करार झाला, पण पुढच्या वर्षी संबंध बिघडले आणि मालाची कोंडी झाली. मुरगाव बंदर मिळावं म्हणून हैदराबादनं पोर्तुगिजांशी बोलणी केली, ती याच भीतीपोटी. त्या राजवटीतून लोकांना सुटका हवी होती, याबद्दल वाद नाही. मी बोलतोय ते व्यापाऱ्याच्या बाजूनं. त्याचा माल चांगला की वाईट, हे शेवटी कुणी विचारलंच नाही.

आता नेपाळकडे या. तिथल्या बारा जिल्ह्यात, वीरगंजजवळ, डाबर नेपाळचा कारखाना आहे. आपल्या दुकानात मिळणारा ‘रिअल’चा रस बराचसा तिथूनच येतो. बंदर नसलेला देश रस निर्यात करतो, ही गोष्ट कौतुकाचीच. पण कारखान्याला नुसतं फळ पुरत नाही. रसाचा अर्क, खोक्याचा थर दिलेला कागद, यंत्राचे सुटे भाग, यातलं बाहेरचं सामान समुद्रमार्गे आलं, तर कोलकात्याला उतरून सुमारे ७०० किलोमीटर जमिनीवरून जातं. तयार रस पुन्हा त्याच सरहद्दीवरून भारतात येतो. येणारं आणि जाणारं दार एकच! १९८९ साली व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, तेव्हा भारतानं दोन सोडून बाकीची नाकी बंद केली. २०१५ साली वीरगंजच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा महिनोन्‌महिने अडकल्या. नेपाळनं भारताला दोष दिला, भारतानं तो नाकारला. व्यापाऱ्याचा तोटा मात्र दोन्ही खुलाशांनी भरून निघाला नाही.

कायदा काय सांगतो? १९८२च्या समुद्र कायद्याच्या कराराचं १२५वं कलम अशा देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क देतं. पण वाटेच्या अटी शेजाऱ्याशी बोलूनच ठरवायच्या. हक्क कागदावर, किल्ली शेजाऱ्याकडे. जो हक्क दुसऱ्याच्या राजीखुशीवर चालतो, त्याला आपण हक्क म्हणावं की कृपा?

रसाच्या धंद्यात आणखी एक गोम आहे. रसात दहातले साडेआठ-नऊ भाग पाणी असतं. लांबच्या वाटेवर तुम्ही पाण्याचंच भाडं भरता. म्हणून शहाणे व्यापारी रस आटवून अर्क पाठवतात आणि पाणी तिकडे मिसळतात.

आपल्या सीताफळाचं तेही होत नाही. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बालाघाटाच्या डोंगराचं नाव झालं. पण पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, गर तापवला की कडवट होतो, उघडा ठेवला की काळा पडतो. तो गोठवूनच पाठवावा लागतो. म्हणजे वाटेत वीज गेली, गाडी अडली, की माल गेला.

आज आपल्याला करोडगिरी नाही, हाली नाही. १७ सप्टेंबर २०२५ला बीडहून अहिल्यानगरची रेल्वेही सुरू झाली. तरी बंदर साडेतीनशे किलोमीटरहून लांबच आहे. म्हणून इथे गराचा कारखाना काढू पाहणाऱ्या तरुणांना माझं सांगणं एवढंच. यंत्राची किंमत विचारण्याआधी वाट विचारा. ती एकच आहे की दोन? शीतगृह कुणाच्या ताब्यात? आणि निर्यात अडली तर छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबादमध्ये गिऱ्हाईक तयार आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हातात असतील, तरच कर्जाच्या कागदावर सही करा.