मायग्रेनमुळे किती दिवस वाया गेले? मिडास स्कोअर मोबाइलवर असा काढा

मायग्रेन म्हणजे आपल्याकडची अर्धशिशी. बीपी मशीनवर दिसतो, शुगर रिपोर्टमध्ये दिसते, पण अर्धशिशी मोजायचं मशीन नाही. त्यामुळे डॉक्टरांपुढे बसलं की पेशंट म्हणतो, "कधी कधी डोकं दुखतं," आणि विषय तिथंच संपतो. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आईचं अनेक वर्षं हेच चाललं होतं. मी इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण मोजणं मला जमतं, म्हणून तिच्याकडून 'मिडास' भरून घेतला.

मिडास म्हणजे काय?

मायग्रेन डिसॅबिलिटी असेसमेंट ही पाच प्रश्नांची प्रश्नावली वॉल्टर स्टुअर्ट आणि रिचर्ड लिप्टन या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी तयार केली. ती किती दुखलं हे विचारत नाही, दुखण्याने किती दिवस खाल्ले हे विचारते. गेल्या ३ महिन्यांतले दिवस मोजायचे:

१. कामावर किंवा कॉलेजला जाता आलं नाही
२. गेलो, पण काम निम्मं किंवा त्याहून कमी झालं
३. घरकाम करता आलं नाही
४. घरकाम निम्मं किंवा त्याहून कमी झालं
५. घरचे, नात्यातले कार्यक्रम किंवा मौजमजा चुकली

पहिल्यात धरलेला दिवस दुसऱ्यात धरू नका, तिसऱ्यातला चौथ्यात धरू नका. मात्र एकाच दिवशी काम आणि घरकाम दोन्ही बुडालं, तर तो दोन्हीकडे धरायचा.

बेरीज ०–५ : त्रास नगण्य
६–१० : सौम्य
११–२० : मध्यम
२१ किंवा जास्त : तीव्र

चूक कुठे होते?

पहिल्या प्रश्नावर आई म्हणाली, "मी कुठं नोकरीला जाते?" आणि शून्य सांगितलं. पण शेतातलं काम हेही कामच. मोजल्यावर ४ दिवस निघाले. दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २, पाचव्याचे ३. चौथ्यावर ती अडली: "स्वयंपाक तर केलाच की!" केला, पण डोक्याला फडकं बांधून, आणि बाकी सगळं तसंच पडून राहिलं. असे ९ दिवस. बेरीज २१, म्हणजे तीव्र. चौथा प्रश्न सोडला असता तर १२, म्हणजे मध्यम. घरातल्या बाईचा त्रास नेमका इथेच लपतो.

मोबाइलवर नोंद कशी ठेवायची?

तीन महिन्यांचं आठवणीतून सांगणं अवघड असतं. गूगल शीट्समध्ये पाच रकाने करा: तारीख, काम, घर, कार्यक्रम, गोळी. डोकं उठलं त्या दिवशी 'पूर्ण' किंवा 'निम्मं' एवढंच लिहा. तयार ॲप घेतलं, तर ते कॉन्टॅक्ट्सची परवानगी का मागतंय ते आधी बघा.

गोळीचा रकाना गाळू नका. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते.

आणखी दोन मोजपट्ट्या

हिट-६ : सहा प्रश्न, गुण ३६ ते ७८. ६० किंवा जास्त म्हणजे परिणाम तीव्र.
एमएसक्यू : १४ प्रश्न, गेले ४ आठवडे. यात जगण्याचा दर्जा मोजतात, मनावरचा ताणही येतो. इथे गुण जास्त तितकं बरं.

मिडास हे निदान नाही, ते डॉक्टरच करतात. आईने पुढच्या वेळी शीट दाखवली. डोकेदुखीचे आणि गोळ्यांचे दिवस पाहून डॉक्टरांनी रोजचं प्रतिबंधक औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी स्कोअर आला ९.

एक लक्षात ठेवा: अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा तापासोबत मान आखडली, तर स्कोअर काढत बसू नका. थेट दवाखाना गाठा.